१२एयू७ आणि ६०८० हेडफोन अ‍ॅम्प किट : जोडणी आणि दुरुस्तीच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

किटमधलं सर्किट साधं आहे. १२एयू७ आणि ६०८० हे काचेचे व्हॉल्व्ह, प्रत्येकाच्या आत दोन सारखे भाग. प्रत्येक भागात गरम कॅथोड, करंट गोळा करणारी प्लेट आणि तो करंट कमी-जास्त करणारा मधला ग्रिड. प्रत्येक चॅनलला १२एयू७चा अर्धा भाग आणि ६०८०चा अर्धा भाग. १२एयू७ची प्लेट २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एचटीवर (व्हॉल्व्हना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज), कॅथोडखाली रेझिस्टरऐवजी लाल एलईडी. त्या प्लेटवरून थेट ६०८०च्या ग्रिडला तार जाते, मधे कपॅसिटर नाही. ६०८०च्या कॅथोडखाली ३ किलोओहम १० वॅटचा रेझिस्टर आणि त्याच जागेवरून १०० मायक्रोफॅरड २५० व्होल्टच्या कपॅसिटरमधून हेडफोन. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाहीच.

मधे कपॅसिटर नसल्यामुळे एका जागी डीसी बिघडलं की त्याच्या पुढे सगळीकडे बिघडतं. ही जशी अडचण तशी सोयही आहे. दोन प्लेट, दोन कॅथोड, एचटी आणि एलईडी एवढ्या जागांचे व्होल्टेज नीट वाचले तर अंदाजाने भाग बदलत बसावं लागत नाही. त्यामुळे या वहीत आवाजाबद्दल कमी आणि आकड्यांबद्दल जास्त लिहिलेलं असेल.

डाख देण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर तपासला. निळ्या मेटल फिल्मवर पाच पट्टे असतात. २२ किलोओहमचा लाल-लाल-काळा-लाल-तपकिरी, २.२ किलोओहमचा लाल-लाल-काळा-तपकिरी-तपकिरी. ट्यूबलाइटच्या उजेडात लाल आणि तपकिरी सारखेच दिसतात आणि या किटमध्ये दोन्ही मूल्यांचे रेझिस्टर आहेत. पट्टे न वाचता मीटर लावणं बरं.

व्हॉल्व्ह : दोन्हींचा गेटर (काचेच्या आतला लेप) चंदेरी, म्हणजे हवा शिरलेली नाही (पांढरा पडला असता तर व्हॉल्व्ह कचऱ्यात). हीटर (कॅथोड तापवणारी तार) थंड असताना १२एयू७च्या ४ आणि ५ पिनांमध्ये १३ ओहम, ६०८०च्या ७ आणि ८मध्ये अर्ध्या ओहमच्या आत. साध्या मीटरवर हे जवळजवळ शॉर्टसारखं दिसतं, घाबरू नये. ६०८०चा हीटर ६.३ व्होल्टला २.५ अँपिअर खातो आणि थंड तारेचा अवरोध गरम तारेच्या कितीतरी कमी असतो.

व्हॉल्यूम कंट्रोल १०० किलोओहम लॉग, दुहेरी. कमी आवाजाच्या टोकाला डावा ४.१ आणि उजवा ५.२ किलोओहम. हा दोन डेसिबलचा फरक आहे. चालवून घेऊ.

८ जून, रविवार

ट्रान्सफॉर्मर एकटाच टेबलावर ठेवून तपासला. सेकंडरीच्या सगळ्या तारा मोकळ्या, टोकांना टेप. प्रायमरीत ११५ व्होल्टची दोन वाइंडिंग आहेत, आपल्या २३० व्होल्टसाठी ती सिरीजमध्ये जोडायची. मेनच्या तारेत मधे १०० वॅटचा जुना फिलामेंटवाला सिरीज बल्ब, करंट जास्त ओढला गेला तर तो पेटतो आणि बाकीचं वाचतं.

कळ दाबल्याबरोबर बल्ब लख्ख पेटला आणि पेटलेलाच राहिला. कळ बंद.

सेकंडरी मोकळ्या असताना बल्ब पूर्ण उजेड देतो तेव्हा शक्यता दोनच, वाइंडिंग आतून शॉर्ट किंवा दोन प्रायमरी एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या. विरुद्ध जोडल्या तर दोघींचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना खोडून काढतं आणि मेनला फक्त तांब्याच्या तारेचा अवरोध दिसतो, तो जवळपास शॉर्टच. बल्ब नसता तर फ्यूज गेला असता, आणि फ्यूज मोठा असता तर वाइंडिंग.

खात्री करायला मेनची गरज नाही. दोन प्रायमरी एका टोकाला जोडल्या, त्यातल्या एकीलाच १२ व्होल्ट एसी दिलं (छोटा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, डीसी अडॅप्टर चालत नाही) आणि उरलेल्या दोन टोकांमध्ये मोजलं. ०.३ व्होल्ट. दुसऱ्या वाइंडिंगची टोकं उलटी केली, २४.१ व्होल्ट. म्हणजे किटच्या आकृतीत दुसऱ्या प्रायमरीच्या तारांचे रंग उलटे छापलेत. आकृतीवर लाल पेनाने दुरुस्ती केली.

पुन्हा सिरीज बल्बवर. क्षणभर चमकून विझला. मग बल्ब काढून थेट : मेन २३२, एचटी वाइंडिंग १५८, हीटर वाइंडिंग ६.९ व्होल्ट. दोन्ही बिनलोडचे आकडे.

किटसोबत आलेला फ्यूज १ अँपिअरचा आहे, तो ११५ व्होल्टसाठी. २३० व्होल्टला करंट निम्मा लागतो, म्हणून ५०० मिलिअँपिअर स्लो-ब्लो घातला. फास्ट घातला तर थंड हीटरच्या पहिल्या झटक्यातच उडत राहतो.

१४ जून, शनिवार

जोडणी झाली. लक्षात ठेवण्याजोगं फारसं नाही, एक सोडून : अर्थच्या टॅगवर सहा तारा येतात आणि टॅग थेट शासीच्या पत्र्याला कसलेला आहे. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न तिथे हरतं. पत्रा उष्णता ओढून घेतो, सोल्डर वरवर वितळून गोळा होतो आणि आत फ्लक्स अडकतो. तिथे ६० वॅटचं घेतलं. सोल्डर पाण्यासारखा पसरून तारेच्या कडेला चढला, तर डाख बसला.

हीटरच्या तारा पिळून, शासीच्या कोपऱ्यातून. पहिल्याच व्हॉल्व्हच्या बेसपाशी त्या वरून उतरतात, ग्रिडच्या २ आणि ७ पिनांपासून जमेल तेवढ्या लांब.

मेन न लावता मोजलेले आकडे :
एचटी ते शासी : सुरुवातीला कमी, मग चढत चढत २६० किलोओहमच्या पुढे. २७० किलोओहमचा ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर) आहे आणि मीटर आधी तीन कपॅसिटर भरत बसतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटं धीर धरावा.
६०८०च्या ३ आणि ६ पिना ते शासी : ३.०१ आणि २.९८ किलोओहम.
१२एयू७च्या १ आणि ६ पिना ते एचटी : दोन्हीकडे २२ किलोओहम.
आउटपुट जॅकपासून शासीपर्यंतचे २.२ किलोओहमचे रेझिस्टर : दोन्ही बरोबर. (मोजलं ते रेझिस्टरच्या पायांवर. ही चूक २२ तारखेला कळली.)

१५ जून, रविवार

व्हॉल्व्ह न लावता मेन. एचटीचा फिल्टर असा : एसीचं डीसी करणारा यूएफ४००७ डायोडचा ब्रिज, मग २२० मायक्रोफॅरड, २७० ओहम ५ वॅट, २२० मायक्रोफॅरड, पुन्हा २७० ओहम, पुन्हा २२० मायक्रोफॅरड.

लोड नसल्याने तिन्ही कपॅसिटरवर सारखेच २२२ व्होल्ट. मेन २३२ होतं. आमच्याकडे रात्री अकरानंतर मेन २४६ पर्यंत जातं, त्या हिशेबाने इथे २३५ होतील. किटमधले कपॅसिटर २५० व्होल्टचे. व्हॉल्व्ह गरम होऊन करंट ओढायला लागेपर्यंत प्रत्येक वेळी ते या टोकाला उभे राहणार आणि एखाद्या रात्री मेन २६० झालं की संपलं. मुळात ११५ व्होल्टच्या नेमक्या मेनसाठी केलेली निवड दिसते. तिन्ही काढून २२० मायक्रोफॅरड ४०० व्होल्टचे घातले. व्यास मोठा असल्याने जुन्या पट्ट्या बसत नाहीत, नायलॉनच्या टायने बांधले. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला या मापाचे कपॅसिटर सहज मिळतात, कारण पॉवर सप्लाय दुरुस्त करणाऱ्यांना तेच लागतात. १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारेच मागावेत.

मेन बंद केल्यावर : २२२ वरून ३० व्होल्टच्या खाली यायला सहा मिनिटं. ६६० मायक्रोफॅरड आणि २७० किलोओहम, हिशेब बरोबर आहे. व्हॉल्व्ह गरम असताना बंद केलं तर तेच काही सेकंदांत रिकामं होतं, आणि फसगत होते ती इथेच. चार वेळा पटकन रिकामं झालेलं पाहिलं की पाचव्या वेळी, व्हॉल्व्ह काढलेले असताना, माणूस सवयीने हात घालतो. २.२ किलोओहम १० वॅटच्या रेझिस्टरला दोन मगर क्लिप लावून ठेवल्यात. आधी त्या, मग मीटर, मग हात.

२१ जून, शनिवार

व्हॉल्व्ह लावले. आउटपुटच्या जॅकमध्ये हेडफोन नाही. त्याऐवजी ६.३५ मिलिमीटरच्या प्लगच्या पोटात ३३० ओहम १ वॅटचे दोन रेझिस्टर डाखून केलेला खोटा हेडफोन ठेवलाय, पण आज तोही बाहेरच.

सिरीज बल्ब दोन-तीन सेकंद लालबुंद, मग मंद. हीटर गरम होताना असंच दिसतं. पाच मिनिटांनी बल्ब काढला. काळी क्लिप शासीवर कायमची, लाल प्रोब एका हातात, दुसरा हात पाठीमागे.

एचटी : १६२ व्होल्ट (१६८च्या आसपास हवं)
उजवा : १२एयू७ पिन १ वर ७८, ६०८० पिन ३ वर ९७.
डावा : १२एयू७ पिन ६ वर १४०, ६०८० पिन ६ वर १३५.

उजवा बरोबर आहे. तिथे कॅथोड ग्रिडपेक्षा १९ व्होल्ट वर बसलाय, म्हणजे ६०८०ला बायस (ग्रिडला कॅथोडच्या खाली ठेवणारं व्होल्टेज) मिळतंय आणि ९७ भागिले ३००० म्हणजे ३२ मिलिअँपिअर वाहतायत. डाव्यात कॅथोड ग्रिडच्या खाली आहे. व्हॉल्व्हला बायस नाही. ग्रिड पॉझिटिव्ह झालाय आणि स्वतःच करंट खातोय, तोच करंट २२ किलोओहममधून येत असल्याने प्लेट १४० वर अडकली, नाहीतर थेट एचटीला जाऊन टेकली असती. ३ किलोओहमच्या रेझिस्टरवर सहा वॅट पडतायत, त्याला बोट लावायची गरज नाही, वास येतोच.

नवखा माणूस इथे ६०८० बदलतो. पण ६०८० बिचारा सांगितलेलं करतोय. त्याच्या ग्रिडवर १४० व्होल्ट आणून ठेवले तर तो दुसरं काय करणार? चूक आधीच्या पायरीत आहे. १२एयू७चा डावा भाग करंट ओढत नाही.

पिन ८ वर (डावा कॅथोड) ९.४ व्होल्ट. तिथे एलईडीचे १.७ हवेत. ९.४ म्हणजे कॅथोडखालचा रस्ता बंद आहे आणि कॅथोड वर तरंगत तरंगत व्हॉल्व्ह स्वतःच कट-ऑफ होईपर्यंत (करंट थांबेपर्यंत) चढलाय. प्लेट १४० आणि १२एयू७चा गुणक (प्लेटच्या किती व्होल्टला ग्रिडचा एक व्होल्ट पुरतो) १७ धरला तर आकडा त्याच्या जवळपास येतो.

एलईडी उलटा डाखलेला होता. चपट्या कडेचा पाय शासीकडे हवा, तो बेसकडे गेलेला. उजवा पेटलेला आणि डावा विझलेला हे शासी उलटी करून पाहिलं असतं तर मीटरशिवायही कळलं असतं. उलट्या दिशेचा ताण सोसलेला एलईडी पुन्हा वापरला नाही, नवा घातला. डाखताना पाय चिमट्यात धरला, कारण जास्त तापवलेला एलईडी आज पेटतो आणि महिन्याने मरतो, आणि मेला की वरचा सगळा प्रकार पुन्हा.

आता : एचटी १६८, डावा ८१ आणि १०१, उजवा ७९ आणि ९८. डाव्या-उजव्यातला तीन व्होल्टचा फरक एकाच काचेतल्या दोन भागांचा आहे. दहा-बारा व्होल्टपर्यंत फरक असला तरी सोडून द्यावा.

हीटर ६.६ व्होल्ट, तेव्हा मेन २३६. रात्रीच्या २४६ ला ६.९ होईल, आणि ६.३च्या वर दहा टक्के ही हद्दच आहे. हीटरच्या एका तारेत ०.१ ओहम ५ वॅट टाकला. २.८ अँपिअरला पाव व्होल्टपेक्षा थोडं जास्त पडतं, आता ६.३.

२२ जून, रविवार

हेडफोन लावण्याआधीची शेवटची तपासणी, आउटपुट जॅकवर डीसी.

डावा : सुरुवातीला ६० मिलिव्होल्ट, दहा मिनिटांत ४ वर. नवा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी थोडा गळतो आणि व्होल्टेजवर बसून बसून सुधारतो. ठीक.

उजवा : ९२ व्होल्ट. मिलिव्होल्ट नव्हे. प्रोब धरून ठेवला तर डोळ्यांदेखत अगदी सावकाश उतरत जातं.

सावकाश उतरतंय यातच उत्तर आहे. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरायला दुसऱ्या बाजूने शासीपर्यंत रस्ता लागतो, तो रस्ता म्हणजे २.२ किलोओहमचा रेझिस्टर. तो असता तर कपॅसिटर एका सेकंदात भरला असता आणि जॅकवर शून्य दिसलं असतं. तो जोडलेला नाही, म्हणून मीटरचा १० मेगओहमच तेवढा रस्ता आहे आणि त्यातून भरायला तासाहून जास्त लागतो. तोपर्यंत जॅकच्या पिनेवर कॅथोडचं जवळजवळ सगळं व्होल्टेज.

या अवस्थेत ३०० ओहमचा हेडफोन खुपसला असता तर पहिल्या क्षणाला ०.३ अँपिअर, म्हणजे २८ वॅट, कॉइलमधून गेले असते. हेडफोनची सोसायची हद्द अर्ध्या वॅटच्या आत-बाहेर असते. कपॅसिटर दीड-दोनशे मिलिसेकंदांत भरून मोकळा झाला असता आणि नंतर अ‍ॅम्प निरोगीच दिसला असता. गेला असता तो हेडफोन, आणि दोष त्यालाच लागला असता.

१४ तारखेला हा रेझिस्टर बरोबर दाखवत होता कारण मीटर त्याच्याच दोन पायांवर होता. त्याचा एक पाय जॅकच्या टॅगमध्ये नुसता अडकवलेला होता, डाख द्यायचा राहिलेला. मोजायचं ते जॅकमध्ये प्लग घालून प्लगच्या टोकावर. आता प्लगवर दोन्ही बाजूंना २.२ किलोओहम, आणि चालू असताना डीसी ३ मिलिव्होल्ट.

खोटा हेडफोन लावून तीन वेळा चालू-बंद. चालू होताना मीटर जेमतेम सव्वा व्होल्टपर्यंत उसळतो आणि बसतो. तरीही खरा हेडफोन एक मिनिट थांबूनच लावायचा आणि बंद करण्याआधी काढायचा. शासीवर तशी चिठ्ठी चिकटवली.

२८ जून, शनिवार

पहिल्यांदा आवाज, तोही जुन्या पडीक हेडफोनवर. गाणं स्वच्छ आहे पण मागे दोन्ही कानांत एकसारखा घूं. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तसाच.

आधी घूं कोणता ते ठरवायचं. हीटरमधून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय गळतीतून येतो तो ५० हर्ट्झ, फिल्टर अपुरा पडला तर १०० हर्ट्झ, कारण ब्रिज दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो. फोनवर टोन जनरेटर लावून दोन्ही सूर ऐकून पाहिले. आपला खालचा, ५०चा. म्हणजे फिल्टरला हात लावायचं कारण नाही. अजून एक कपॅसिटर वाढवून हा घूं तसूभरही कमी झाला नसता.

जुन्या रेडिओच्या दुरुस्तीत पहिला व्हॉल्व्ह उपटून घूं जातो का ते पाहायची पद्धत आहे. इथे ती वापरू नये. १२एयू७ काढला की ६०८०चे दोन्ही ग्रिड २२ किलोओहममधून एचटीला जातात आणि २१ तारखेचा प्रकार दोन्ही चॅनलमध्ये एकदम होतो. त्याऐवजी पिन २ आणि ७ छोट्या तारेने शासीला टेकवल्या. घूं कायम. म्हणजे इनपुटच्या तारा आणि व्हॉल्यूम कंट्रोल निर्दोष, घूं १२एयू७च्या आत किंवा हीटरच्या बाजूने शिरतोय.

हीटर वाइंडिंगला मधला टॅप (मधोमध काढलेली तार) नाही. त्याऐवजी दोन्ही टोकांकडून १०० ओहमचा एकेक रेझिस्टर शासीला. एसी मोजलं : एका टोकापासून शासीपर्यंत ०.० व्होल्ट, दुसऱ्या टोकापासून ६.३. दोन्हीकडे साधारण ३.१५ हवेत. एका बाजूचा १०० ओहम उघडा होता. त्याच्या पायावर सोल्डरचा सुरेख गोल थेंब बसलेला, आणि पाय त्यातून पिनेने ढकलला तर सरळ बाहेर आला. असा गोल, काठ आत वळलेला थेंब दिसला की संशय घ्यावा. चांगला डाख खोलगट दिसतो.

पाय घासून पुन्हा डाखला. आउटपुटवर ३३० ओहम लावून, व्हॉल्यूम शून्यावर : आधी १२ मिलिव्होल्ट, आता १.१. मग बेसपाशी हीटरच्या तारा आगपेटीच्या काडीने थोड्या थोड्या सरकवत मीटर पाहिला. शासीच्या पत्र्याला दाबून धरल्या तर ०.४. तिथेच टायने बांधल्या.

३०० ओहमला १ मिलिवॅट म्हणजे ०.५५ व्होल्ट. त्याच्या मानाने ०.४ मिलिव्होल्ट ६३ डेसिबल खाली आहे, आणि ५० हर्ट्झला कान तसाही मंद. रात्री पंखा बंद करून ऐकलं, काही नाही.

२९ जून, रविवार

लॅपटॉप जोडला की नवाच आवाज, बारीक, किरकिरा. चार्जर काढला की बंद. अ‍ॅम्पचा दोष नाही. चार्जर एका भिंतीवर आणि अ‍ॅम्प दुसऱ्या, दोन्ही तीन पिनांचे, त्यामुळे सिग्नलच्या तारेभोवतीची शील्ड दोन अर्थच्या मधे पूल झाली. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले, संपलं.

अ‍ॅम्पची अर्थची पिन काढून टाकणे हा यावरचा सर्रास सांगितला जाणारा उपाय आहे. करू नये. मेनची एखादी तार सुटून पत्र्याला लागली तर फ्यूज उडवणारी तीच एक तार आहे. उलट भिंतीच्या सॉकेटमध्ये अर्थ खरंच आहे का तेच आधी पाहावं. फेज ते अर्थ २३३, न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट. आहे.

५ जुलै, शनिवार

वीस-पंचवीस मिनिटं चालला की डाव्या कानात खरखर. टिचकी मारली की काही वेळ थांबते.

टिचकीवर थांबणाऱ्या खरखरीला व्हॉल्व्हच्या बेसचा संपर्क कारण असतो, असं सगळे म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण आधी मीटर. किमान-कमाल नोंदवणारा मीटर डाव्या प्लेटवर (पिन ६) अर्धा तास लावून ठेवला. खरखर नसताना ८१, खरखरीत ८१ आणि ७४ च्या मधे नाचतं. ६०८०चा कॅथोड त्याच्या मागोमाग १०१ वरून ९४. एलईडीवर मात्र १.७च्या आसपास, जागचं हललं नाही.

डीसी हलतंय म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोल आणि जॅक दोघेही सुटले, ते खराब असते तर खरखर झाली असती पण प्लेट स्थिर राहिली असती. आणि प्लेट खाली येतेय. कॅथोडचा किंवा बेसचा खालचा संपर्क तुटत असता तर करंट कमी होऊन प्लेट वर गेली असती, जशी २१ तारखेला गेली होती. खाली येते म्हणजे एचटीकडून प्लेटला येणारा वरचा रस्ता अधूनमधून अडतोय. त्या रस्त्यावर एकच वस्तू आहे, डावा २२ किलोओहम.

बांबूच्या कोरड्या काडीने त्याचा एकेक पाय हलवला. एचटीच्या टॅगकडचा पाय हलवला की खरखर. भिंगातून पाहिलं तर पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ. त्या टॅगवर चार तारा आहेत आणि त्यातली शेवटची डाखताना आधीची थंड होत असतानाच हलली असावी. टॅग गरम झाला की धातू प्रसरण पावतो आणि रेघ उघडते, म्हणून वीस मिनिटं. जुना सोल्डर तांब्याच्या वेणीने पूर्ण शोषून घेतला, चारी तारा एकत्र नव्याने. नुसतं पुन्हा गरम करून भागत नाही, जुना फ्लक्स जळून गेलेला असतो.

दोन तास चालवला. किमान ८०.६, कमाल ८१.३.

हाताशी होता म्हणून ६०८०च्या जागी जुना सोव्हिएत ६एन१३एस लावून पाहिला, पिना त्याच. डावा १०४, उजवा ९३, चालतंय. काचेच्या आतल्या बाजूला निळसर उजेड दिसतो, तो निरुपद्रवी. इलेक्ट्रोडच्या मधोमध जांभळा ढग दिसला तर मात्र आत वायू आहे, तो व्हॉल्व्ह काढावा. ६०८० परत लावला.

१२ जुलै, शनिवार

आउटपुट इंपीडन्स (अ‍ॅम्पचा स्वतःचा आतला अवरोध) मोजला. इनपुटला २०० हर्ट्झ, १०० मिलिव्होल्ट (साध्या मीटरचं एसी ४०० हर्ट्झच्या पुढे खोटं बोलतं). व्हॉल्यूम पूर्ण. बिनलोड ०.७७ व्होल्ट, ३३० ओहम लावून ०.५४. ०.७७ भागिले ०.५४ वजा १, गुणिले ३३० : १४० ओहम. उजव्यालाही जवळपास तेच.

म्हणजे ३०० ओहम आणि त्याच्या वरच्या हेडफोनसाठीच. ३२ ओहमचा लावला तर पाचातल्या चार भागांहून जास्त व्होल्टेज अ‍ॅम्पच्या आतच राहतं, १०० मायक्रोफॅरडमुळे खालचा सूर मात्र ९ हर्ट्झच्या आसपास ढळायला लागतो (३०० ओहमला तोच आकडा ४ हर्ट्झच्या आत). कपॅसिटर वाढवून पहिलं दुखणं जात नाही.

शासीला खालचं झाकण लावलं. हवेसाठी ६०८०च्या बेसभोवती सहा मिलिमीटरची आठ भोकं पाडली, ३ किलोओहमचे दोन्ही रेझिस्टर शासीपासून बोटभर उंच आहेत आणि त्यांच्यालगत आउटपुटचा कपॅसिटर नाही हे पाहिलं. तासाभरानंतर झाकणाचा पत्रा कोमट.

शेवटचे आकडे झाकणाच्या आत कागदावर लिहून चिकटवले : मेन २३५, एचटी (तीन कपॅसिटरवर) २०८ / १८८ / १६८, प्लेट ८१ / ७९, कॅथोड १०१ / ९८, एलईडी १.७ / १.७, हीटर ६.३, आउटपुट डीसी ३ / ३ मिलिव्होल्ट, घूं ०.४ / ०.४ मिलिव्होल्ट. मेन केबलच्या भोकाला रबरी ग्रोमेट बसवायचं राहिलंय, घरात १० मिलिमीटरचं नाही.